वाळूतली मुरी

एकतीस वर्षं ती मासे काढत होती. पाण्यातून नव्हे, कागदावर. संग्रहालयाच्या मागच्या अंगाला, जिथे तिकीट काढून आलेल्या लोकांना सोडत नाहीत, तिथे एक लांबट खोली होती. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर काचेच्या बरण्या आणि बरण्यांत स्पिरिटात बुडवलेले मासे. उत्तरेच्या खिडकीखाली तिचं टेबल. सकाळी बरणी उघडायची, चिमट्याने मासा उचलून पांढऱ्या ताटलीत ठेवायचा, मापं घ्यायची, परांमधल्या काड्या भिंगाखाली मोजायच्या आणि मग बारीक निबने काळ्या शाईचे ठिपके देत देत तो मासा कागदावर उतरवायचा. एका माशाला कधी चार दिवस लागत, कधी पंधरा. खवल्यांच्या ओळीत एक खवला कमी-जास्त झालेला तिला खपत नसे.

घरी तिला सगळे थोरली म्हणत आणि तिच्या जावेला धाकटी. आपणही तेच म्हणू.

घर दुमजली होतं. खाली सासूबाई, थोरली आणि तिचा नवरा; वरच्या दोन खोल्यांत दीर आणि धाकटी. स्वयंपाक एकच, खाली. थोरलीचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. बोलणं बेताचं. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्याने एकदा विचारलं होतं, "आज कुठला मासा?" तिने अर्धा तास सांगितलं. त्यानंतर त्याने कधी विचारलं नाही. थोरलीनेही ते मनाला लावून घेतलं नव्हतं. आपलं काम घरच्यांना कळण्यातलं नाही, एवढीच तिची समजूत, आणि त्या समजुतीत थोडी ऐटही होती.

धाकटी कापड गिरणीत छापाच्या नक्ष्या काढायची. गिरणीने नक्षीची खोलीच बंद केली तेव्हा ती चार महिने घरी बसली. जिन्यावर बसून जुन्या कागदांच्या पाठीवर उगाच पानं-वेली काढत राहायची. थोरलीला ते बघवेना. तिने आपणहून सरांकडे शब्द टाकला. "माझी जाऊ आहे. हात चांगला आहे. शिकेल." सर म्हणजे मत्स्य विभागाचे प्रमुख. ते म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणता म्हणजे झालं."

हे वाक्य थोरलीने पुढे अनेकदा आठवलं. मीच आणलं तिला. माझ्याच पायांनी चालत गेले आणि घेऊन आले.

पहिली दोन-तीन वर्षं काही बिघडलं नाही. धाकटी चौकटी आखायची, नावं लिहायची, शाईच्या बाटल्या धुवायची. "ताई, हे बघा ना, ताई, हे बरोबर ना" चाललेलं असायचं. मग ती छोटे मासे काढू लागली. आणि मग थोरलीला कुठेतरी बारीक काहीतरी टोचायला लागलं.

कारणं सांगायला गेलं तर हसू येईल. त्या खोलीत पंचवीस वर्षांत कुणी मोठ्याने हसलं नव्हतं. धाकटी आल्यावर शिपाई हसायला लागला, झाडणारी बाई हसायला लागली, सरसुद्धा एकदा चष्मा काढून डोळे पुसण्याइतके हसले. घरी सासूबाईंना औषध थोरली द्यायची, पण गोळी गिळताना त्या हाक मारायच्या ती धाकटीला. धाकटी घाईघाईत भाजीत मीठ विसरली तरी लोक म्हणायचे, "दमली असेल बिचारी." आणि एके दिवशी सर धाकटीच्या पाठीशी येऊन उभे राहिले तेव्हा थोरलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा मिनिटं. आपल्या टेबलाशी ते दोन मिनिटांच्या वर कधी थांबले नव्हते. घड्याळवाल्याची बायको ती, मिनिटांत चुकणार नव्हती.

अशात ती बरणी आली.

दोन तासांच्या वाटेवर टेकड्यांमध्ये एक ओढा होता. तिथून सरांच्या एका विद्यार्थ्याने अकरा मासे आणले होते. बोटाएवढे लांब, पेन्सिलीएवढे जाड, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या आणि डोळ्यांखाली एक बारीकसा काटा, जो मासा लपवूनही ठेवू शकतो आणि उभाही करू शकतो. मुरी. थोरलीच्या वाट्याला मुऱ्या फार आल्या नव्हत्या. तिची हयात मोठ्या नदीतल्या खवलेवाल्या माशांत गेलेली, आणि सरांचीही. पण सरांना शंका होती की ही मुरी नेहमीची नाही. हिच्या अंगावरचे डाग वेगळे आहेत, ही कदाचित अजून कुणी लिहून न ठेवलेली जात आहे.

"मुऱ्यांवर सगळं आयुष्य काढलेल्या एक बाई आहेत. त्यांना मी बोलावलंय," सर म्हणाले. "त्या यायच्या आत दोन चित्रं हवीत. एक शाईतलं, मापाचं. ते तुमचं, बाई. आणि एक रंगीत. पण स्पिरिटात रंग उडून जातो. जिवंत मासा बघून काढावं लागेल. ओढ्यावर जावं लागेल."

थोरलीने मान वर केली. सर तिच्या गुडघ्यांकडे बघत होते.

"तिथे सगळे दगडधोंडे आहेत, बाई. तुम्हाला नाही झेपणार. धाकट्या बाईंना पाठवू?"

"पाठवा की," थोरली म्हणाली. "मला काय त्याचं?"

बोलून गेली आणि जीभ चावली. पण आता 'मी जाते' म्हणणं म्हणजे आपणच आपलं हसं करून घेणं. ती ताटलीतल्या मेलेल्या मुरीची लांबी मोजू लागली. तीनदा मोजली, तीनदा वेगळी आली.

धाकटी सलग चार सोमवार विभागाच्या गाडीतून ओढ्यावर गेली. संध्याकाळी परत यायची ती नाक उन्हाने लाल झालेली, बुटांत वाळू. पहिल्या दिवशी जेवताना तिने सांगायला सुरुवात केली.

"ओढा वरून धावत येतो, पण एका वळणावर दम खातो. तिथे मोठं झाड वाकलंय पाण्यावर. खाली नुसती वाळू, चाळून ठेवल्यासारखी बारीक, आणि तिच्यावर कुजकी पानं. मी तासभर बसले. म्हटलं, इथे काहीच नाही. आणि मग बघते तर वाळूला डोळे!"

"डोळे?" दीर म्हणाला.

"नुसते डोळे. सगळं अंग वाळूत पुरलेलं, वर फक्त दोन काळे मणी. मी हात हलवला तर ते मणीही गडप. आणि मधूनच एखादी सरळ वर येते, पाण्याच्या तोंडाशी हवेचा घोट घेते आणि परत खाली. आपण चहाचा घोट घेतो ना, तशी."

"कुठे म्हणालीस, मोरीत?" सासूबाई कानामागे हात धरून म्हणाल्या. "मोरीत मासे निघाले? तरी मी म्हणत होते, जाळी बसवा."

सगळे खो खो हसले. धाकटी सासूबाईंच्या कानाशी जाऊन मोरी आणि मुरी समजावत बसली. थोरलीने सहज आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा घास हातातच राहिला होता. डोळे धाकटीवर. "मग? हवा कशाला घेते ती? माशाला हवा कशाला?" त्याने विचारलं.

ज्या माणसाने तीस वर्षांत दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं, त्याने धाकटीला एका जेवणात तीन प्रश्न विचारले. थोरलीने ते मोजले. ती उठून पाणी आणायला गेली आणि स्वयंपाकघरात उगाचच भरलेली कळशी रिकामी करून पुन्हा भरत उभी राहिली.

धाकटीचं चित्र पाचव्या आठवड्यात पुरं झालं. त्याच दिवशी ती दुपारी लवकर गेली, आणि चित्र तपासणीसाठी थोरलीच्या टेबलावर ठेवून गेली. कारण तशी रीत होती. विभागातून बाहेर जाणारं प्रत्येक चित्र थोरली भिंगाखाली घालायची आणि कोपऱ्यात पेन्सिलीने 'तपासलं' असं लिहून खाली आपलं आद्याक्षर काढायची. सरांना जवळचं नीट दिसत नसे. ते चित्र हातभर लांब धरून बघत, मग कोपऱ्यातला तो शब्द बघत आणि पुढे पाठवून देत.

थोरलीने चित्रावरचा पातळ कागद उचलला आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

मुरी होती. पण ताटलीतली नव्हे. मधाच्या रंगाची, अंगावर तपकिरी डागांची रांग, शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला एकच काळाभोर ठिपका. शेपूट किंचित वळलेली, जणू आत्ता वाळूत शिरेल. खालची वाळू तर हाताला लागेल अशी. थोरलीने आपलं शाईचं चित्र शेजारी ठेवून पाहिलं. माप बिनचूक, ठिपका न् ठिपका जागच्या जागी. आणि मासा मेलेला. एकतीस वर्षं आपले सगळे मासे मेलेलेच होते, हे तिला त्या क्षणापर्यंत कधी जाणवलं नव्हतं.

तिने भिंग उचललं. प्रामाणिकपणे सांगायचं तर तपासायला नव्हे, चूक शोधायला. मिशा मोजल्या: आठ. बरोबर. डोळ्याखालचा काटा: बरोबर. डाग मोजले, पर मोजले. आणि मग छातीच्या पराशी भिंग थांबलं. पराच्या आतल्या बाजूच्या दोन काड्या धाकटीने एकमेकींना चिकटवल्या होत्या, आणि तिथे एक जाडसर, चपटा उंचवटा काढला होता. थोरलीने बरणी खाली काढली. अकराच्या अकरा मासे एकेक करून भिंगाखाली घातले. एकाच्याही परावर असलं काही नव्हतं. सगळ्यांच्या काड्या सुट्या, सरळ, स्वच्छ.

चूक! ब्रश ओला राहिला असणार, रंग फुगला असणार, आणि बाईसाहेबांनी त्यालाच पर समजून रंगवून टाकलं असणार.

थोरलीच्या अंगात इतकं हलकं वाटलं की ती खुर्चीवरून उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. मुऱ्यांवर आयुष्य काढलेल्या बाई येतील. त्यांच्या नजरेतून हे सुटणार नाही. त्या बोट ठेवतील. मग सर चष्मा काढतील, आणि या वेळी हसायला नव्हे.

तिने कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं, 'तपासलं'. खाली आपलं अक्षर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी टेबलाशी आली. "ताई, बघितलंत? काही राहिलं असेल तर सांगा हं. माझा अजून विश्वास नाही माझ्यावर."

थोरली निब पुसत होती. "छान आहे," ती म्हणाली. "काही राहिलं नाही."

धाकटीचं तोंड असं फुललं की थोरलीला दुसरीकडे बघावं लागलं.

पुढचे अकरा दिवस थोरली धाकटीशी जितकी गोड वागली तितकी ती लग्न होऊन घरात आल्यापासूनच्या सोळा वर्षांत वागली नव्हती. तिला बसमध्ये खिडकीची जागा दिली. तिच्या वाटची भांडी घासली. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "हिला झालंय काय?" रोज सकाळी उठल्यावर तिला पहिल्यांदा आठवायचा तो पर. आठवला की आधी बरं वाटायचं आणि मग लगेच ती उठून धाकटीचा चहा गाळायला घ्यायची. दोनदा तर शब्द अगदी जिभेवर आला. एकदा धाकटीनेच दुसरा विषय काढला, आणि एकदा थोरलीने तो गिळला.

पाहुण्या बाई आल्या. सत्तरीच्या, आखूड पांढरे केस, खांद्याला शबनम आणि गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. बोलायला मोकळ्या. बरण्या बघून झाल्या, मग चित्रं टेबलावर मांडली गेली. सर एका बाजूला, धाकटी दुसऱ्या, थोरली जरा मागे. थोरलीचं शाईचं चित्र बाईंनी बराच वेळ पाहिलं. "माप किती स्वच्छ आहे हो," त्या म्हणाल्या. मग रंगीत चित्र पुढे ओढलं. भिंग डोक्याकडून शेपटीकडे सरकू लागलं आणि छातीच्या परावर थांबलं.

थोरली अर्धं पाऊल पुढे सरकली.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं. वर न बघता.

एखादा श्वास घेण्याइतकाच वेळ गेला असेल. पण थोरलीला तेवढाही धीर धरवला नाही. अकरा दिवस दाबून ठेवलेलं ते तिच्या तोंडून निसटलंच.

"चूक आहे ती. मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. अकराही मासे तपासले मी, एकाच्याही परावर तसं नाही."

धाकटी वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता.

"चूक नाही, ताई," ती म्हणाली. "नर आहे तो."

"काय?"

"त्या वळणावर दोन प्रकारच्या दिसायच्या. एक जाड पोटाच्या. आणि काही सडपातळ, त्या सारख्या त्यांच्या मागे मागे. तिसऱ्या सोमवारी एक सडपातळ माझ्या तळहातावर आली. पराला हे टणक टणक लागलं. मग मी आणखी सहा धरून पाहिल्या आणि सोडून दिल्या. सहाही जणांना होतं. मला वाटलं, हे नर असणार. मग मी त्यालाच काढलं."

पाहुण्या बाईंनी भिंग टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी धाकटीचा हात धरला. "अहो, नरच आहे! या कुळातल्या नरांच्या परावर असा कडक तुकडा असतोच. पण त्याचा आकार प्रत्येक जातीत निराळा. आणि हा असा आकार मी आजवर कुठे पाहिला नाही. तुमच्या बरणीत अकरा माद्या आहेत, सर! नर एकही नाही. ही बाई बघत बसली नसती तर तुम्ही अर्धाच मासा लिहिला असता."

सर हसले, मग थांबले. त्यांनी चित्र उचललं, हातभर लांब धरलं. त्यांची नजर कोपऱ्यातल्या शब्दावर गेली. 'तपासलं'. मग ती थोरलीवर आली.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "तुम्हाला चूक वाटली होती. मग तुम्ही हे लिहिलंत कसं?"

धाकटीनेही तो शब्द वाचला. आणि तिला सगळं एकदम कळलं. थोरलीने ते तिच्या चेहऱ्यावर कळताना पाहिलं.

त्या संध्याकाळी बसमध्ये धाकटी पुढच्या दाराशी उभी राहिली. मागे जागा रिकामी असूनही.

तीन दिवस दोघींमध्ये शब्द नव्हता. स्वयंपाकघरात एकीने भांडं ठेवायचं, दुसरीने उचलायचं. सगळं सासूबाईंच्या मार्फत. चौथ्या दिवशी थोरलीच्या नवऱ्याने दुकान लवकर बंद केलं, घरी आला आणि तिच्यासमोर बसला. "काय झालंय?"

तिने सांगितलं. काही न लपवता. त्याने एखादं घड्याळ उघडून बघावं तसं ऐकून घेतलं.

"तू पहिल्याच दिवशी तिला विचारलं असतंस," तो म्हणाला, "तर ती म्हणाली असती नर आहे. मग तुम्ही दोघींनी मिळून सरांना सांगितलं असतं. तुझंही नाव झालं असतं त्यात."

"मला ते नकोच होतं," थोरली म्हणाली. "मला तिचं नाव खराब व्हायला हवं होतं."

हे वाक्य बोलल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. ती तशीच उठली आणि जिना चढली. गुडघे कुरकुरत होते. धाकटी वरच्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. वर पाहिलं नाही.

"मी तुझ्यावर जळते," थोरली दारातूनच म्हणाली. "आजची नाही, कधीपासूनची. सासूबाई तुला हाक मारतात म्हणून. माझा नवरा तुझं ऐकतो म्हणून. सर तुझ्या मागे सहा मिनिटं उभे राहिले म्हणून. मी घड्याळ लावून मोजली आहेत."

धाकटीने हातातली चादर खाली ठेवली. "तुमचा स्वभाव मला माहीत होता, ताई. खवचट बोलता, मनात ठेवता. त्याचं मला काही नाही. पण तुम्ही 'छान आहे' म्हणालात. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, आज ताई छान म्हणाल्या. आईला फोन करून सांगितलं. मी त्या दिवशी जेवले नाही, इतकी खूष होते. ते खोटं होतं, ना?"

एवढं थोरलीच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती पराचा, सरांचा, स्वतःचा विचार करत बसली होती.

"चित्र छान होतं," ती म्हणाली. "म्हणूनच तर जळले."

धाकटीने पुन्हा चादर उचलली. थोडा वेळ ती एकटीनेच घडी घालायचा प्रयत्न करत राहिली. मोठी चादर होती, जमेना. थोरली पुढे झाली आणि दोन टोकं धरली. घडी झाली. तेवढंच. माफी मागितली गेली नाही आणि दिलीही गेली नाही.

सरांनी थोरलीला काढून टाकलं नाही. 'तपासलं' मात्र तिच्याकडून काढून घेतलं, आणि तेही न बोलता. पुढचं चित्र तिच्या टेबलावर आलंच नाही. आठवड्याने ती स्वतः त्यांच्या खोलीत गेली. "मला मुरीची मादी पुन्हा काढायची आहे," ती म्हणाली. "जिवंत बघून. माझं चित्र मेलेलं आहे."

"गुडघे?"

"ते माझ्याबरोबर येतील."

पुढच्या सोमवारी गाडीत ती मागे बसली, धाकटी पुढे. ओढ्याची वाट धाकटी झपाझप उतरून गेली. हात द्यायला थांबली नाही. ड्रायव्हरने थोरलीला दंडाला धरून उतरवलं. वळण खरंच तसंच होतं. वाकलेलं झाड, संथ पाणी, तळाशी पिवळट वाळू आणि काळी पडलेली पानं. एका सपाट दगडावर थोरली पोटावर आडवी झाली, काचेच्या तळाचा डबा पाण्यात धरला आणि बघू लागली.

तासभर तिला काही दिसलं नाही. नुसती वाळू. धाकटी पलीकडच्या दगडावरून अधूनमधून म्हणायची, "एक गेली. तिकडे दोन आहेत." थोरलीच्या मनात पुन्हा तेच पेटलं. मानही अवघडली. हिला दिसतात, मला का नाही? माझे डोळे हिच्यापेक्षा जुने आहेत, पण काड्या मोजायला मीच हिला शिकवलंय!

"मासा शोधू नका, ताई," शेवटी धाकटी म्हणाली. जरा वैतागूनच. "डोळे शोधा."

थोरलीने मासा शोधणं सोडलं. आणि हाताच्या अंतरावर, पानाच्या कडेला, वाळूत दोन काळे मणी तिच्याकडेच बघत होते. मण्यांमागची वाळू थोडी थरथरली, कल्ल्यांतून वाळूचा बारीक धूर निघाला आणि मुरी बाहेर आली. जाड पोटाची. मादी. ती तशीच वर गेली, पाण्याच्या तोंडाशी हवेचा घोट घेतला आणि परत येऊन पानाखाली टेकली. मिशांनी वाळू चाचपू लागली, एखादी आजी अंधारात चष्मा शोधते तशी.

थोरलीने पेन्सिल काढली. हलणारं काही तिने आयुष्यात काढलं नव्हतं. मुरी थांबायची नाही. संध्याकाळपर्यंत तिने एकोणीस चित्रं काढली आणि एकही धड नव्हतं. निघताना धाकटी तिच्यामागे येऊन उभी राहिली. वही बघितली. 'छान' म्हणाली नाही.

"शेपूट अजून मेलेली आहे," ती म्हणाली.

थोरलीला ते झोंबलं. चांगलंच झोंबलं. तिने खोडरबर काढला आणि शेपूट पुसली.

नव्या मुरीवरची विभागाची पुस्तिका पुढच्या वर्षी निघाली. पहिल्या पानावर धाकटीचा नर, रंगीत. थोरलीची मादी आत, सातव्या पानावर. शेपूट जिवंत होती, पण वाळू धाकटीसारखी झाली नव्हती, आणि हे थोरलीला पुस्तिका उघडल्याबरोबर दिसलं. लांबून पत्रं आली, ती धाकटीच्या नावाने. थोरलीने पाकिटं तिच्या टेबलावर नेऊन ठेवली. एकही फोडलं नाही. मनातून मात्र प्रत्येक पाकीट उजेडाकडे धरून बघावंसं वाटलं, हेही खरं. जळणं काही संपलं नाही. फरक एवढाच झाला की आता ती धाकटीला चुका तोंडावर सांगायची, तिथल्या तिथे. आणि चार वेळा भांडण झालं तर त्यातल्या एका वेळी धाकटी बरोबर निघायची, तीन वेळा थोरली.

मग पाहुण्या बाईंनी धाकटीला दोन महिन्यांसाठी त्यांच्याकडे बोलावलं. त्यांच्या साठवणीतल्या सगळ्या मुऱ्या काढायला.

"सासूबाईंचं कसं होईल?" धाकटीने विचारलं. जाऊ नको म्हणून सांगाल का, असाच काहीसा सूर होता.

"मी आहे," थोरली म्हणाली. "जा तू. आणि तिथे परांच्या काड्या दोनदा मोजत जा. तुला घाई फार."

धाकटी गेली त्या दुपारी घर रिकामं रिकामं वाटलं. थोरलीने सासूबाईंना औषध दिलं. त्यांनी गोळी तोंडात घेतली, इकडेतिकडे पाहिलं आणि हाक मारली. नेहमीसारखीच, धाकटीला.

"गावाला गेली आहे ती," थोरली त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली. "मासे काढायला."

"मासे? मासे ती काढते का?" सासूबाईंनी गोळी गिळली. "मला वाटायचं, तू काढतेस."

थोरलीने त्यांच्या हातातून पेला घेतला.

"दोघी काढतो," ती म्हणाली.